रातकिड्यांचं पातेलं

हे सगळं दोन हजार बावीस साली घडलं. माणसांची साथ ओसरून नुकतं कुठं दार उघडं टाकून बसता येऊ लागलं होतं. तोंडावरच्या पट्ट्या खुंटीला लटकत होत्या आणि त्यांवर धूळ साचत होती. तेव्हा आमच्या भवानी पेठेतल्या गल्लीत दुसरी साथ आली. ती रातकिड्यांची होती.

रातकिडे म्हटलं की लोक हसतात, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. पुण्या-मुंबईला आणि बंगळुरूला काही लोक घरात परदेशी सरडे पाळतात. काचेची पेटी, वर दिवा, आत वाळू. त्या सरड्यांना मेलेलं काही चालत नाही, समोर हलणारा किडा लागतो. म्हणजे कुणीतरी किडे वाढवायला हवेत. ते आम्ही वाढवत होतो.

हे खूळ मृत्युंजयनं आणलं. तो माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याची आई दाक्षायणी, म्हणजे माझी जाऊ, बाळंतपणानंतर दोन वर्षं अंथरुणाला खिळली, आणि पोर माझ्या कुशीत वाढलं. मला तो दोड्डव्वा म्हणतो. कानडीत मोठी आई. शाळेत आईचं नाव विचारलं की तो दोन नावं सांगायचा आणि मास्तर म्हणायचे, ठरवून ये बाबा उद्या. मोठेपणी पुण्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात नोकरीला लागला. लॉकडाऊनमध्ये दुकानाला कुलूप लागलं आणि तो मांडीवर प्लॅस्टिकचे दोन खोके घेऊन घरी परतला. खोक्यांत रातकिडे होते. दाक्षायणीनं त्याला आत घेतलं, खोक्यांना नाही. खोके माझ्याकडे आले.

माझ्या घरामागं आमच्या मागांची शेड आहे, पत्र्याची. ह्यांच्या वेळी तिथं चादरीचे माग चालायचे. त्या आवाजात मी स्वयंपाक केला, मुलगी झोपवली, सासूबाईंची बोलणी खाल्ली. ह्यांच्या मागं माग भंगारात गेले आणि शेड अशी गप्प झाली की मला मागच्या दारी जाऊन भांडी घासवेनात. मृत्युंजयचे खोके तिथं ठेवले आणि आठवड्याभरात शेडमधून किरकिर सुरू झाली. शेजारच्या पोरी कानांवर हात ठेवायच्या. मला मात्र दुपारी छान झोप लागू लागली.

धंदा वाढला तशी त्यानं अक्कलकोट रोडला मोठी शेड भाड्यानं घेतली आणि काम गल्लीत वाटलं. सोलापुरात विडीचं काम चालतं तसं. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या. इथं त्याच्या शेडमधून अंडी घातलेली माती यायची. ती उबेला ठेवायची, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं निघाली की खोक्यात वाढवायची आणि मोठी झाली की परत द्यायची. समोरची गिरिजाबाई, तिच्या पलीकडच्या दोन घरांतल्या बायका, सगळ्या ह्याच्यात आल्या. गिरिजाबाईनं तर त्यासाठी विडी सोडली. तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरली होती. ती म्हणायची, किडं कितीबी वरडू दे, माजा खोकला तरी थांबला.

आमच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. आणि किड्यांना लपायला लागतात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. बाकीच्या घरांत ते अंडीवाल्याकडून जुने यायचे आणि ह्या घरातून त्या घरात फिरायचे. मी सांगितलं, माझ्या शेडमध्ये अंड्याचा पुठ्ठा यायचा नाही.

मृत्युंजय म्हणाला, "दोड्डव्वा, किडे चालतात आणि पुठ्ठा चालत नाही?"

"न्हाय चालत."

माळ्यावर ह्यांच्या वेळचे सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन पोती भरून पडले होते. तेच मी खोक्यांत उभे केले. रातकिडे त्यांच्या आत जाऊन असे बसायचे, जणू कुणी खोली भाड्यानं घेतली आहे. बाकीच्या बायका गाजराबरोबर कोंबडीचं खाद्य घालायच्या. मी ज्वारीचं पीठ आणि गाजर घालत होते, आणि शेडची माती न आणता माझ्याच किड्यांची अंडी उबवत होते.

आणखी एक होतं. आमच्यात सोवळंओवळं नाही असं आम्ही लोकांना सांगतो, पण माझ्या सासूबाईंची, अक्कम्मांची, मडी कडक होती. मडी म्हणजे आंघोळ करून वेगळ्या काठीवर वाळलेलं लुगडं नेसायचं, आणि काम होईतो बाहेरच्या कशाला शिवायचं नाही. पूजेला आणि स्वयंपाकाला त्यांनी मला ती लावली. किडे आले तेव्हा माझ्या हाताला दुसरी रीतच माहीत नव्हती. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, आणि त्याच लुगड्यात शेडमध्ये. बाहेरची चप्पल नाही, बाहेरचा माणूस नाही. त्यात शहाणपण काही नव्हतं, सवय होती. एकट्या दाक्षायणीला आत यायची मुभा होती, कारण तिलाही तीच मडी त्याच बाईनं शिकवली होती.

हे पाप का पुण्य, हे मी स्वतःला विचारलं नाही असं नाही. मी मारत नव्हते, पोसत होते. पण कशासाठी पोसते ते ठाऊक होतं. म्हणून सोमवारी माझ्या शेडमधून पार्सल जाऊ देत नव्हते. रिक्षावाला बिरुदेव, जो आमचे खोके ट्रॅव्हल्सच्या गाडीवर पोचवायचा, त्याला ह्याची भारी गंमत वाटायची. म्हणायचा, "सोमवारी किड्यास्नी सुट्टी, मंगळवारी सरड्याच्या तोंडात. लई दया हाय की तुमची, मावशी."

पुण्याच्या उत्कर्षाची आणि माझी ओळख फोनवरच झाली. ती कुठल्याशा कंपनीत कामाला. तिच्याकडे दाढीला काटे असलेला ऑस्ट्रेलियातला सरडा होता. त्याचं नाव तात्या. सरकारदरबारी रीतसर नोंद केलेला. एकदा मृत्युंजय गडबडीत होता म्हणून त्यानं तिला माझा नंबर दिला, आणि मग ती मलाच फोन करू लागली. तात्यानं कात टाकली, तात्या रुसला, तात्या खिडकीतून कावळ्याकडे बघतो. एकदा तिनं तात्याचं जेवण दाखवलं. मी डोळे मिटले आणि आवाज ऐकला. तेवढा पुरे झाला.

महाशिवरात्रीच्या तोंडावर गिरिजाबाई मला बोलवायला आली. तिच्या खोक्याला मी कान लावला तर आतून काही नाही. झाकण उघडलं. किडे उताणे पडून पाय झाडत होते, जवळ गाजर तसंच सुकलेलं. आणि एक वास, ओल्या पोत्याला येतो तसा. दोन दिवसांत पलीकडच्या घरांतही तेच झालं.

मृत्युंजय आला तो संध्याकाळी, गल्ली दारात बसलेली असताना. खोके बघितले आणि भर गल्लीत गिरिजाबाईला म्हणाला, "काकू, हात धुऊन खायला घालता की नाही? ही घाणीनं आलेली साथ आहे. तुमच्याकडून सगळीकडे गेली. आता माझ्या शेडची माती ह्या गल्लीत यायची नाही."

गिरिजाबाई अशी बाई की नळाला पाणी यायच्या आधी तोटी घासणार. ती उठली. आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रिकामे खोके राखेनं घासत बसली होती. मला म्हणाली, "अक्का, माज्या हातानं मेले व्हय?" मी म्हटलं, न्हाय. तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

माझी शेड मात्र वाजत होती. पुण्याहून उत्कर्षाचे रोज फोन. तिकडेही किडे मिळेनात, जिकडे तिकडे हीच साथ. तात्याला ती आळ्या घालत होती आणि तो त्यांच्याकडे पाठ करून बसत होता. तिला मी सांगितलं की आता एकही किडा बाहेर द्यायचा नाही, बी राखायचंय. तिला ते कळलं. आजी, तुम्ही राखा, आम्ही थांबतो, म्हणाली.

गल्लीतल्या बायकांना मी कट्ट्यावर बसवून सांगितलं. उन्हाळाभर खोके उन्हात तापू द्या. जुने पुठ्ठे जाळा. मृग लागायच्या आत मी प्रत्येक घराला एकेक पातेलं अंडी देईन, दह्याला विरजण देतात तसं. कुणाचं दही बिघडलं तर आपण देतोच की. बायकांच्या तोंडावर जरा रंग आला. विडी कारखान्यातून गिरिजाबाईला परत निरोप येत होता. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुजं पातेलं लवकर दे बाई. तंबाखूला परत गेले तर दोन दिवाळ्याबी बघत न्हाय मी." हसत म्हणाली, पण हसताना खोकली. त्या दिवसापासून मी त्या शेडमध्ये असे पाय ठेवत होते, जणू आत कुणी बाळंतीण आहे.

पाडव्यानंतर एका सकाळी दाक्षायणी आली. केस ओले, गाठ मारलेली, अंगावर मडीचं लुगडं. तिला बघून मला आमचे जुने दिवस आठवले. एका चुलीवर दोघी, एक भाकरी थापायची आणि दुसरी भाजायची, आणि अक्कम्मांची पाठ वळली की हसायचं.

ती म्हणाली, "अक्का, एक पातेलं दे की. विरजणापुरतं."

"तुमच्या शेडात हायत की ढीगभर."

"हायत. पन मृत्युंजय म्हनतो, जुन्यात जरा नवं घालायला पायजे. सारखं घरच्या घरात पीक कमी येतं म्हने."

ते खोटं वाटायचं कारण नव्हतं. मी पसरट पातेल्यात अंड्यांची ओली माती भरली, वर ओलं फडकं बांधलं. त्या पातेल्यावर माझं नाव घातलेलं आहे. अक्कम्मांनी दोघींच्या नावाची सारखीच पातेली केली होती. वेगळं झालो तेव्हा नाव बघून वाटून घेतली. दाक्षायणीनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि जाताना उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून पाऊल उंच टाकून गेली.

पुढच्या शुक्रवारी ती पातेलं परत घेऊन आली. परत मडीत. परत वर फडकं. उचललं तर जड लागलं.

"हे काय गं?"

"रिकामं कसं आनू, अक्का?"

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आम्हाला अक्कम्मांनी घालून दिलेलं. बहात्तरच्या दुष्काळात घरात दाणा नव्हता, तेव्हासुद्धा शेजारचं भांडं परत देताना त्यांनी त्यात चार चिंचोके टाकले होते. मी नवी सून, मला हसू आलं. त्या म्हणाल्या, हस, पण भांड्याचं तोंड कोरडं जाऊ देऊ नको. तेव्हा दाक्षायणी आमच्या घरात आली नव्हती. पण ही गोष्ट तिनं माझ्याकडून इतक्यांदा ऐकली होती की तीही ती स्वतःची म्हणून सांगायची.

"आमच्या शेडची अंडी हायत," ती म्हणाली. "तुज्यात आमचं, आमच्यात तुजं."

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी दारातच ठेवून घेतलं असतं. तिचं होतं. मडीच्या हातचं होतं. मी ते शेडमध्ये नेऊन माझ्या खोक्यांच्या मधोमध फळीवर ठेवलं. मग आम्ही चहा प्यालो. ती लवकर उठली. एरवी ती चहानंतरही तास तास बसायची.

त्या मातीतून पिल्लं फार थोडी निघाली आणि निघाली ती हललीच नाहीत. मला वाटलं ऊन फार झालं, म्हणून पोती भिजवून खिडकीला टांगली. मग एका सकाळी लिंगपूजा करून दार उघडलं आणि आवाज कमी वाटला. स्वतःला म्हटलं, वय झालं, कान गेले. दुसऱ्या दिवशी कोनातून एक मोठा नर बाहेर पडला, उताणा झाला आणि पाय झाडू लागला. बसवजयंतीपर्यंत शेडमध्ये काही उरलं नाही. कोन उलटे करून झटकले तर वाळलेले किडे कोंड्यासारखे पडत होते.

बायका दारात येऊन बसल्या, कुणी गेल्यावर बसतात तशा. गिरिजाबाई सगळ्यांत शेवटी उठली. जाताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरातून सुपात पानं कातरायचा आवाज येऊ लागला.

मृत्युंजय त्या वेळी बंगळुरूला होता. काही काम निघालंय एवढंच दाक्षायणी म्हणाली होती. मी फोन केला. तो म्हणाला, "दोड्डव्वा, एवढं सगळं सांभाळून तुझ्याकडेही आलंच बघ. नशीब आपलं." आवाज अगदी लहानपणचा. मीच त्याला म्हटलं, तू वाईट वाटून घेऊ नको.

मग माझं मन मला खाऊ लागलं. कुठं चुकलं? कुठल्या दिवशी हात धुतला नाही? गाजर कुठल्या गाडीवरून घेतलं? एकेक दिवस आठवून बघत होते. त्या आठवण्यात शुक्रवारचं पातेलंही यायचं, आणि मी त्याच्यावरून पुढं जायचे. मडीवर संशय घ्यायचा मला सुचलंच नाही.

जूनमध्ये उत्कर्षाचा फोन आला. आनंदात होती. तात्या पोटभर जेवला, म्हणाली. मृत्युंजयदादांच्या बंगळुरूच्या नव्या शेडमधून किडे आले, अगदी तुमच्याकडच्यासारखे धट्टेकट्टे. मी म्हटलं, बरं झालं, त्याची सोलापूरची शेड तरी वाचली होती म्हणून बी राहिलं.



"आजी, सोलापूरची शेड तर शिवरात्रीच्या आधीच गेली ना?"

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं होतं. बाहेरच्या एका माणसाकडून माल घेतला, त्यातून साथ आली, शेड पूर्ण साफ करतोय, दोन-तीन महिने माल मिळणार नाही. किती प्रामाणिक माणूस, असं आम्ही म्हणत होतो." मग ती हळू म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बिरुदेवला बोलावून विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला की शिवरात्रीच्या आधी मेलेल्या किड्यांची पोती त्यानंच रिक्षातून गावाबाहेर टाकली. आणि पाडव्यानंतर पहाटेच्या गाडीवर ओल्या मातीचा डबा चढवला, बंगळुरूचा. "मला वाटलं तुमाला ठाऊक हाय की, मावशी. घरातलंच हाय." ज्याला त्याला वाटत होतं की मला ठाऊक आहे.

म्हणजे जेव्हा तो गिरिजाबाईला भर गल्लीत घाणेरडी म्हणाला तेव्हा त्याची शेड मेलेली होती. आणि दाक्षायणीनं आपल्या शेडची म्हणून जी अंडी आणली, ती त्याच शेडची होती, आणि माझ्याकडची बंगळुरूला गेली होती.

मी तशीच दाक्षायणीकडे गेले. ती तव्यावर कडक भाकरी शेकत होती, फडक्यानं दाबून दाबून. मी उंबऱ्यात उभी राहिले. ये म्हणाली, मी गेले नाही.

"त्या पातेल्यात काय होतं, दाक्षायणी?"

तिनं भाकरी उलटली. "अंडी."

"कुठली?"

तिचा हात फडक्यावर तसाच राहिला. भाकरीला डाग पडला, तरी तिनं ती उतरवली नाही.

"मृत्युंजयनं भरलं," ती म्हणाली.

"तू बघितलंस?"

"बघितलं."

"ती शेड मेल्याली तुला ठाऊक होतं?"

"होतं." मग ती माझ्याकडे न बघता बोलू लागली. रिकामं आणलं असतं तर तू विचारलं असतंस, म्हणाली, तुमच्याकडचं काय झालं म्हणून. त्याची अब्रू गेली असती. मग थांबली, आणि खरं ते सांगितलं. "तुज्याकडं बी राहिलं तर गल्ली तुज्याकडून घेनार, अक्का. पुण्याची मान्सं तुला फोन करत्यात. माज्या पोराला कोन इचारनार? तो म्हनला, दोड्डव्वाचं काय, तिला काय कमी हाय. मी फडकं बांधलं."

"आंगोळ करून बांधलंस?"

ती म्हणाली, "व्हय. आंगोळ करून."

मी भांडले नाही.  घरी येऊन शेडचं दार लावलं आणि अंगावरचं लुगडं भिजत टाकलं, जसं कुणाला पोचवून आल्यावर टाकतात.

दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईला सगळं सांगितलं. तिच्या हातानं काही मेलं नव्हतं, हे तिला कळायला हवं होतं. सुपातली पानं बाजूला सारून तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? तो गल्लीत बोलला. त्याला गल्लीत येऊन सांगू दे की." मी मृत्युंजयला फोन करून एवढंच मागितलं. ये, आणि गिरिजाबाईच्या दारात उभा राहून चार माणसांत सांग. तो म्हणाला, बघतो. नंतर तो माझा फोन उचलेना.

श्रावणात दाक्षायणीनं शेजारच्या पोरीबरोबर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, पाठवली. तिच्या नावाच्या पातेल्यात, वर तूप घातलेली. अन्नाला दोष नसतो. हुग्गी मी ठेवून घेतली. पातेलं घासलं, पुसलं, आणि तसंच परत पाठवलं. साखरेचा एक दाणा त्यात टाकला नाही. पोर म्हणाली, आज्जी, असंच नेऊ? मी म्हटलं, असंच ने. अक्कम्मांची सून होऊन आल्यापासून माझ्या हातनं असं पहिल्यांदाच झालं.

बिरुदेव अजून रिक्षा चालवतो. आता रातकिडे नाहीत, शाळेची पोरं नेतो, आणि म्हणतो की किडे बरे होते, निदान पुढच्या सीटवर भांडत नव्हते.

उत्कर्षा दिवाळीला फोन करते. तात्या म्हातारा झाला आहे. ह्या जातीचे सरडे वय झालं की पाला जास्त खातात म्हणे. आता कोथिंबीर आणि भोपळ्याच्या किसावर असतो. मी तिला म्हटलं, शेवटी आमच्यात आला की. ती हसली. किडे ती अजून मृत्युंजयकडूनच घेते, थोडे. दुसरीकडे मिळत नाहीत. मला सांगताना तिला अवघड झालं, पण तिनं सांगितलं, लपवलं नाही.

गिरिजाबाई विड्या वळत राहिली. ती म्हणाली होती त्यापेक्षा एक दिवाळी जास्त बघितली. शेवटच्या दिवसांत मी जवळ बसले होते. खोकल्यातून उसंत मिळाली की विचारायची, आला व्हय तो? मी म्हणायचे, येतो म्हणलाय. माती द्यायच्या दिवशी तो आला नाही, फुलांचा हार आला.

मृत्युंजयचं बंगळुरूच्या बाहेर मोठं काम आहे. पलीकडच्या घरातल्या सुनेनं मला मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट, हातमोजे, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या. आत शिरायच्या आधी माणसं हातपाय धुतात. खोक्यांत सुताचे कोन उभे आहेत. त्यात तो हसून सांगतो की हे बियाणं माझ्या दोड्डव्वानं सोलापुरात मडी पाळून राखलं, साथीतही एकही किडा मरू दिला नाही. त्या पोरीला वाटलं मला आनंद होईल. तिनं तो परत लावला.

दाक्षायणीला तो घेऊन गेला होता. तिकडे तिचं मन रमलं नाही, वर्षभरात परत आली. आता तिला नीट दिसत नाही. संध्याकाळी ती तिच्या पायरीवर बसते, मी माझ्या. आम्ही बोलतो. दुखण्याचं, पाण्याचं, कुणाच्या घरी काय झालं त्याचं. मध्ये एकदा तिनं विचारलं, अक्का, जरा विरजण हाय का गं? मी म्हटलं, दूध घेऊन हितं ये, हितंच लावून देते. भांडं काही दिलं नाही. ती हळूहळू भिंतीला धरत दूध घेऊन आली आणि मी विरजण लावून होईतो उभी राहिली.

शेडमध्ये आता कुणाच्या तरी गाद्या ठेवल्या आहेत. ते पातेलं माझ्याकडे आहे. त्याच्यावर अक्कम्मांनी घातलेलं माझं नाव आहे, म्हणून मोडीत देववत नाही. मागच्या दारी कावळ्यांना पाणी ठेवते त्यात.